नुसतं पडून राहायचा एमआरआय

मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनच्या आधी माझे एकाच दिवशी दोन तऱ्हेचे फंक्शनल एमआरआय झाले, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काय काम करतो ते दाखवणारे. एकात हात हलवायचा होता, तो पार फसला. दुसऱ्यात काहीच करायचं नव्हतं, नुसतं पडून राहायचं, आणि डॉक्टरांच्या कामाला शेवटी तोच आला. तेव्हा मी मराठीत याबद्दल काही वाचायला मिळतंय का ते खूप शोधलं, जे मिळालं ते सगळं इंग्रजी आणि तेही डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, म्हणून जे झालं ते जमेल तसं लिहितोय. मी डॉक्टर नाही, कराडला एका सहकारी बँकेत कॅशियर आहे, त्यामुळं हे वाचून कोणी आपल्या गोळ्या-बिळ्या बदलू नका.

त्रास सुरू झाला डाव्या अंगठ्यापासून. नोटांचं बंडल डाव्या हातात धरलेलं, मोजता मोजता अंगठा आपोआप उडायला लागला, मी थांबवायला बघतोय तर थांबत नाही, मग पाठोपाठ बोटं, मनगट, कोपरापर्यंत झटके आणि शेवटी तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला. सगळं मिळून दोन-एक मिनिटं असेल. मी पूर्ण शुद्धीत, समोर पेन्शन न्यायला आलेले काका उभे, ते म्हणाले, "साहेब, पाणी प्या जरा, गडबड नाही." नंतर तासभर हात लुळा पडल्यासारखा होता मग हळूहळू आपला आपण ठीक. मानेची नस दबली असेल म्हणून गोळ्या झाल्या, पट्टा झाला, आणि परत तसंच झालं तेव्हा फिजिशियननी सरळ डोक्याचा एमआरआय लिहून दिला.

पुण्याला न्यूरोसर्जनकडे गेलो तर त्यांनी फिल्म बघायच्या आधी विचारलं, सुरू कुठनं झालं, अंगठ्यातनं की बोटांतनं, मग कुठं गेलं, तोंडापर्यंत आलं का. मी सांगितलं तसं म्हणाले, म्हणजे उजव्या बाजूला, वर, हाताच्या जागेजवळ. मग फिल्म लावली तर गाठ तिथंच. मी आणि बायको एकमेकांकडं बघत राहिलो. नंतर कळलं की ही विद्या फार जुनी आहे, इंग्लंडला ह्युलिंग्ज जॅक्सन म्हणून डॉक्टर होते त्यांनी एकोणिसाव्या शतकात, एक्स-रेसुद्धा निघाला नव्हता तेव्हा, नुसती फिटची चाल बघून ओळखलं होतं की मेंदूत शरीराचे भाग ओळीनं मांडलेले असणार. पुढं माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्डनी जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक करंट लावून लावून ती ओळ प्रत्यक्ष नोंदवली, १९३७ साली ती छापून आली. डोक्याच्या मध्यावरनं कानाच्या दिशेनं खाली उतरणारी मेंदूची एक घडी आहे, मोटर स्ट्रिप म्हणतात, तिच्यात अगदी वर मधल्या फटीत पाय, मग धड, मग हात, मग चेहरा. जागेची वाटणी मात्र अगदीच विषम, हाताला न् तोंडाला भरपूर आणि अख्ख्या पाठीला चिमूटभर. माझी फिट त्याच ओळीवरनं सरकली होती.

गाठ बहुतेक लो ग्रेड ग्लायोमा असेल असं सांगितलं. हळू वाढणारी, पण मेंदूच्या पेशींमध्ये मिसळून वाढणारी, तिला कडा नसते. सर म्हणाले जितकी जास्त निघेल तितकं पुढचं आयुष्य लांबतं, पण हात घालवून गाठ काढण्यात अर्थ नाही, आणि तुमची गाठ हाताच्या जागेच्या पुढं आहे, का तिच्यात घुसली आहे, का तिला मागं ढकलून बसली आहे, हे या साध्या एमआरआयवरनं मला नीट सांगता येत नाही. नॉर्मल मेंदूत हाताची जागा रेडिओलॉजिस्टला डोळ्यांनी ओळखता येते म्हणे, आडव्या कापात तिथं घडीला एक गुबगुबीत वळण असतं, ग्रीक ओमेगा उलटा केल्यासारखं. माझ्या डाव्या बाजूला ते मला सुद्धा दाखवल्यावर दिसलं. उजवीकडं सगळं चेपून, सुजून असं झालेलं की सर म्हणाले मी इथंही बोट ठेवेन आणि इथंही ठेवेन. म्हणून फंक्शनल एमआरआय आणि डीटीआय, म्हणजे मेंदूच्या आतल्या वायरी दाखवणारा एमआरआय.

मधल्या काळात लेव्हेटिरासेटाम ही फिटची गोळी चालू झाली होती. फिट थांबल्या पण चिडचिड इतकी वाढली की घरात कुकरची शिट्टी झाली तरी मी ओरडायचो. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "अहो, गाठ डोक्यात आहे, कुकरात नाही." त्या गोळीनं होतं असं बऱ्याच जणांना, डॉक्टरांना सांगा, मनात ठेवू नका.

एमआरआयच्या दिवशी पहिली अडचण आईची. तिनं पालीच्या खंडोबाला जाऊन आणलेला काळा दोरा आणि त्यात तांब्याचा ताईत माझ्या दंडाला बांधलेला. टेक्निशियन म्हणाला धातू काहीही आत चालणार नाही. आई म्हणाली तांब्याला लोहचुंबक ओढत नाही, हे मला पण माहितीय. टेक्निशियनला हसू आलं पण तो बधला नाही, शेवटी ताईत आईच्याच मुठीत आणि मी आत. बाकी नेहमीचं, पट्टा, चिल्लर, चष्मा सगळं बाहेर, कानात बोळे, वरनं हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा कोंबल्या, तोंडावर ते पिंजऱ्यासारखं कॉईल बसवलं, त्याला वर छोटा आरसा, आरशातनं पायाकडचा स्क्रीन दिसतो. हातात रबराचा फुगा, काही वाटलं तर दाबा म्हणून.

पहिला प्रकार टास्कचा. स्क्रीनवर हात आला की डाव्या हाताचं एकेक बोट अंगठ्याला टेकवायचं, तीस सेकंद, मग फुली आली की तीस सेकंद थांबायचं, असं आलटून पालटून. त्यातलं तत्त्व सोपं आहे, मेंदूचा जो भाग काम करतो तिथं रक्त जास्त येतं, ऑक्सिजनवालं रक्त आणि ऑक्सिजन काढून घेतलेलं रक्त चुंबकाला वेगवेगळं वागतात, तो फरक मशीन टिपतं. सेइजी ओगावा म्हणून जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेत बेल लॅब्सला होते, त्यांनी हे १९९० साली दाखवलं. हात हलवताना जिथं सिग्नल वाढतो आणि थांबल्यावर जिथं उतरतो ती हाताची जागा.

पण हात हलायला पाहिजे ना. तोपर्यंत माझ्या डाव्या हाताची ताकद बरीच कमी झालेली, शर्टाची बटणं लागत नव्हती. बाहेर प्रॅक्टिस करून घेतली तेव्हा कसंबसं जमलं, आत गेल्यावर पहिली दोन बोटं टेकली आणि तिसऱ्याला मी इतका जोर लावला की खांदा वर, मान ताठ, आणि डोकं हललं. शिवाय डाव्या हाताला जोर लावताना उजव्या हाताची बोटं पण सोबतीनं हलत होती, हे मला कळलंच नाही, काचेपलीकडून मॅडमना दिसलं. मग आवाज आला, "दादा, डोकं हलतंय, आणि उजवा हात एकदम सोडून द्या." मग बोटं सोडून नुसती मूठ उघड-मीट करायला लावली. तेही तिसऱ्या फेरीला हात दमला. मला घाम फुटलेला, एकतर जमत नाही आणि वर भीती की इथंच फिट आली तर. डोकं दोन-तीन मिलिमीटर जरी हललं आणि तेही नेमकं हात हलवायच्या वेळीच, तर रक्तामुळं बदललेला सिग्नल कुठला आणि हलल्यामुळं बदललेला कुठला हे वेगळं काढणं अवघड जातं, असं नंतर समजावलं.

मॅडम आत आल्या, रेडिओलॉजिस्ट होत्या त्या. म्हणाल्या, आता हात-बित काही नाही. डोळे मिटा किंवा फुलीकडं बघा, तुम्हाला बरं वाटेल ते, पण झोपायचं नाही, हलायचं नाही आणि ठरवून काही विचार करायचा नाही. दहा-बारा मिनिटं. मी विचारलं, "मॅडम, मी नुसता अंगठ्याचा विचार केला तर चालतंय का?" त्या म्हणाल्या आला मनात तर येऊ दे, मुद्दाम मनातल्या मनात बोटं हलवत बसू नका म्हणजे झालं. आणि आधीच्या पेशंटसारखे घोरू नका.

आता हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. मशीन दर दोन सेकंदाला मेंदूचा पूर्ण एक फोटो काढतं, त्याचा एकसुरी खट-खट आवाज, दहा मिनिटांत असे तीनशे फोटो. पहिल्या मिनिटातच नाकाच्या शेंड्याला खाज. खाजवायचं नाही. थुंकी गिळू का नको. गिळली. आता गिळल्यानं डोकं हललं असेल का. हात हलवायचा नाही म्हटल्यावर इतके दिवस जो हात हलवा म्हटलं तरी हलत नव्हता तो आता मला प्रत्येक क्षणी जाणवायला लागला, अंगठा उडेल असं वाटायला लागलं. मग मी काय केलं तर मार्चएंडला एकदा तीनशे रुपयाचा फरक आला होता तो मनात शोधत बसलो, कुठल्या व्हाउचरला काय लागलं होतं. त्या नादात वेळ गेला. मध्ये डोळे जड झाले ते मात्र खरं. बाहेर आल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं की थोडी डुलकी लागली असेल, त्या म्हणाल्या हाताच्या जागेला त्यानं फारसा फरक पडत नाही, लहान मुलांचं तर आम्ही भूल देऊन करतो, टास्क त्यांच्याकडनं कसला होणार. या पद्धतीचा मोठा उपयोग तोच आहे. लहान मुलं, अर्धांगवायू झालेले, सूचना न कळणारे, ज्यांच्याकडनं टास्क होत नाही अशा सगळ्यांना.

नुसतं पडून राहिल्यावर हाताची जागा कशी कळते हा प्रश्न मला रात्रभर होता. दुसऱ्या दिवशी रेसिडेंट डॉक्टरनं, पोरगं लातूरकडचं होतं, कागदावर रेघा काढून सांगितलं. मेंदू रिकामा कधीच नसतो. काही करत नसताना पण प्रत्येक भागातला तो रक्ताचा सिग्नल हळूहळू वर-खाली होत राहतो, एकेक लाट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालणारी, इतकी संथ. पूर्वी लोक याला मशीनची खरखर, श्वासाचा, नाडीचा परिणाम म्हणून धरायचे आणि आकडेमोडीत पुसून टाकायचे. भारत बिस्वाल, आपल्याकडचेच मूळचे, अमेरिकेत विस्कॉन्सिनला मिल्वॉकीत पीएचडी करत होते तेव्हा, त्यांनी १९९५ साली दाखवलं की डाव्या मेंदूतल्या हाताच्या जागेचा चढ-उतार आणि उजव्या मेंदूतल्या हाताच्या जागेचा चढ-उतार एकमेकांशी जुळतात, माणूस हात हलवत नसतानासुद्धा. एकाच मालकाच्या दोन शाखा असल्या की दोन्हींची रोजकीर्द न बघता पण गल्ल्यातली रक्कम सोबत वाढते सोबत उतरते, तसं काहीतरी, मी माझ्या डोक्यात तरी असं बसवलं. मग करायचं काय, तर चांगल्या बाजूची हाताची जागा, माझ्या डाव्या मेंदूतला तो उलटा ओमेगा, तिथला चढ-उतार घ्यायचा आणि बिघडलेल्या बाजूला कुठले कुठले ठिपके त्याच तालात वर-खाली होतात ते शोधायचं. आजारी बाजूला काही विचारायचंच नाही, निरोगी बाजूला विचारायचं की तुझा जोडीदार कुठं आहे. दुसरी पण एक रीत आहे, त्यात कुठलाच ठिपका आधी न निवडता सॉफ्टवेअरला सांगतात की जे जे भाग एकत्र वर-खाली होतात त्यांचे गट पाड, आणि मग त्यातला हाताचा गट डॉक्टर ओळखतात. माझं दोन्हींनी केलं होतं.

ऑपरेशनच्या आधी ट्यूमरच्या पेशंटमध्ये हे वापरून बघायचं काम अमेरिकेत सेंट लुईसला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत झालं, २००९ साली त्यांनी पहिल्या चार पेशंटचा अनुभव छापला. नंतर २०१८ साली त्यांनीच शेकड्यानं पेशंटचा हिशोब मांडला, त्यात टास्कवाला एमआरआय ३८.५ टक्के वेळा निरुपयोगी निघालेला आणि रेस्टिंगवाला, म्हणजे नुसतं पडून राहायचा, १३ टक्के. हा आकडा वाचला तेव्हा मला उगाच बरं वाटलं, म्हणजे आत हात हलवता न येणारे आपण एकटे नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. रिपोर्टच्या दिवशी मॅडमनी मला आणि माझ्या भावाला कॉम्प्युटरजवळ बसवलं. करड्या मेंदूवर लाल-पिवळा डाग. गाठीच्या मागच्या अंगाला, थोडा वर सरकलेला. भाऊ लगेच म्हणाला, "चला, सुटलो, गाठ आणि डाग वेगळे आहेत." मॅडम काही बोलल्या नाहीत, माउसनं बाजूची एक पट्टी डावीकडं ओढली. डाग पसरला. अजून ओढली, डाग गाठीच्या कडेवर चढला. मग उजवीकडं ओढली तर आकसत आकसत मटाराएवढा उरला, आणि मग गायबच झाला. भावाचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणजे तोपर्यंत आम्ही दोघंही असं धरून चाललो होतो की एमआरआयनं माझ्या हाताचा फोटो काढलाय. तो फोटो नाहीच. प्रत्येक ठिपक्याचा ताल पलीकडच्या हाताशी किती जुळतो याचा एक आकडा असतो, आणि किती जुळला की रंग लावायचा हे माणूस ठरवतो. मॅडम म्हणाल्या, कडा बघू नका, सगळ्यात जास्त जुळणारा मधला भाग कुठं आहे तो बघा, तो पट्टी कशीही ओढली तरी जागचा हलत नाही. आणि खरंच, मटाराएवढा उरला तेव्हा तो बरोबर त्या चेपलेल्या वळणाच्या आत होता. शिवाय मूळ फोटोचा एकेक ठिपका तीन-चार मिलिमीटरचा, तो मागाहून स्पष्ट एमआरआयवर बसवलेला, त्यामुळं रिपोर्टात गाठीपासून ८ मिलिमीटर लिहिलं असलं तरी त्यातल्या एक-दोन मिलिमीटरवर भांडण्यात अर्थ नाही.

दुसरं त्यांनी सांगितलं ते याहून महत्त्वाचं. जिथं रंग नाही तिथं काही नाही असं समजायचं नाही. गाठीच्या आसपास रक्तवाहिन्यांचं वागणं बिघडलेलं असतं, पेशी काम करत असल्या तरी त्यांच्या मागणीला रक्त वेळेवर येत नाही, आणि मशीन तर रक्तच बघतं. म्हणजे पेशी जिवंत, कामात, आणि नकाशात जागा कोरी. रंग दिसला तर जपा, नाही दिसला तर तपासा, असं मी वहीत लिहून घेतलं. डीटीआयची गोष्ट वेगळी, त्यात मेंदूच्या आतल्या वायरी दिसतात, वरनं खाली जाणाऱ्या निळ्या रंगात, हाताकडं जाणारी जुडी गाठीच्या आतल्या बाजूनं वळून गेलेली दिसत होती. ते चित्र बघायला फार सुंदर आहे पण मला रात्री झोप लागली नाही ती त्यामुळंच.

सर्जन सरांशी बसलो तेव्हा मी सरळ विचारलं, मग याचा उपयोग काय, पट्टी ओढली की बदलतो तर. ते म्हणाले तीन उपयोग. एक, आता मला माहिती आहे की हात मागं ढकलला गेलाय, पुढनं शिरलो तर बरीच गाठ निघेल, म्हणजे ऑपरेशन करण्यासारखं आहे. दुसरं, कवटी किती आणि कुठं उघडायची, जेणेकरून हाताची जागा माझ्या समोर येईल आणि मला ती करंटनं तपासता येईल. तिसरं, तुम्हाला जागं ठेवून करायचं हे ठरलं. शेवटचं काय ते करंट ठरवणार, चित्र नाही. बायकोनं विचारलं करंट म्हणजे हे शॉक देणार का. सर म्हणाले वहिनी, तुमच्या मोबाईलच्या चार्जरला जास्त करंट असतो.

जागेपणी ऑपरेशन म्हटल्यावर नातेवाइकांत जी चर्चा झाली ती सांगत बसत नाही. वेदना म्हणाल तर डोक्याच्या कातडीत भुलीची इंजेक्शनं देतात ती लागतात, चांगली लागतात, बाकी मेंदूला स्वतःला दुखत नाही. कवटी उघडेपर्यंत झोपवून ठेवलं होतं. त्याआधी नेव्हिगेशन म्हणून एक प्रकार झाला, डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून एक काडी कपाळावरनं, नाकावरनं, भुवयांवरनं फिरवली, म्हणजे कॉम्प्युटरला कळतं की हे खरं डोकं आणि तो एमआरआय यांची जुळणी कशी. त्यानंतर सरांनी काडी कुठंही टेकवली की स्क्रीनवर माझ्या त्या लाल डागासकट जागा दिसते. पण कवटी उघडून मेंदूभोवतीचं पाणी निघून गेलं की मेंदू खाली बसतो, काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरच्या वर, आणि गाठ काढत जाल तसा अजून सरकतो, त्यामुळं स्क्रीनवरची जागा आणि खरी जागा यांची फारकत होत जाते. म्हणून सुरुवातीला तिच्यावर भरवसा आणि पुढं पुढं कमी.

जाग आली तेव्हा निळा कपडा, बाजूला ॲनेस्थेशियाच्या मॅडम, डावा हात उघडा आणि हाताशी बसलेला तो लातूरचा रेसिडेंट. तो म्हणाला मूठ उघड-मीट करत राहा आणि बोलत राहा. पडद्यामागनं सरांचा आवाज यायचा, "स्टिम्", म्हणजे करंट लावतोय. आणि एकदा, मी हात मांडीवर नुसता ठेवलेला असताना, अंगठा आत वळला. मी वळवला नाही. झटका पण नाही, फिटच्या वेळी व्हायचं तसंही नाही, अगदी सावकाश, नोट पुढं ढकलताना वळतो तसा वळला आणि करंट काढल्यावर सैल पडला. रेसिडेंट ओरडला, "अंगठा!" सर म्हणाले, "बरोबर, इथंच होता नकाशात." मला कसं वाटलं ते विचारतात लोक, तर त्या वेळी फक्त एवढंच आलं मनात की चला, पट्टी ओढून मटार केला होता ती जागा खरी निघाली.

थोडं पुढच्या अंगाला, जिथं कुठल्याच चित्रात रंग नव्हता, पट्टी कितीही डावीकडं ओढली तरी नव्हता, तिथं करंट लावल्यावर माझी शेवटची दोन बोटं हलली. परत लावला, परत हलली. तिथं गाठ होती. म्हणजे गाठीच्या आत काम चालू होतं आणि रक्ताच्या हिशोबात ते आलंच नव्हतं, मॅडम म्हणाल्या होत्या तसं. सर काही वेळ गप्प होते, मग म्हणाले हे आपण ठेवतोय. मी "बरं" म्हटलं. मधेच एकदा अंगठा उडायला लागला, लगेच मेंदूवर थंड सलाईन ओतलं, ते तयारच ठेवतात, आणि ते थांबलं. मेंदूवर थंड ओतल्याचं मला काही कळलं नाही, कानामागं ओघळ आला तो कळला.

नंतरचं थोडक्यात. पहिले काही दिवस हात आधीपेक्षा वाईट, सूज असते. आई रोज तेल लावायला निघायची आणि फिजिओवाल्या पोरी तिला थांबवायच्या. मग हळूहळू येत गेला, आधी मूठ, मग चिमटीत पकडणं, सगळ्यात शेवटी करंगळी. आता बटणं लागतात. नोटा मशीनवर मोजतो, फाटकी-जुनी वेगळी काढायला मात्र डावा हात वापरतोच. बायोप्सीत ऑलिगोडेंड्रोग्लायोमा निघाला, ग्लायोमाचाच एक प्रकार, ग्रेड दोन, आयडीएच नावाच्या जीनमध्ये म्युटेशन म्हणजे बदल आहे, म्हणजे त्यातल्या त्यात बरं. थोडी गाठ मागं ठेवलेली असल्यामुळं रेडिएशन आणि केमो झालं, त्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी, तो विषय मोठा आहे आणि मला अजून त्याचा कंटाळा आहे.

ज्यांना हा एमआरआय सांगितलाय त्यांच्यासाठी. सगळीकडं होत नाही, मशीन असलं तरी नंतरची आकडेमोड करणारं माणूस लागतं, ते आधी विचारा. अपॉइंटमेंट घेतानाच हातात किती ताकद आहे, फिट येतात का, बंद जागेची भीती वाटते का ते सांगा, म्हणजे टास्कमध्ये वेळ घालवून दमवण्यापेक्षा आधी रेस्टिंग घेता येतं, दमलेला पेशंट जास्त हलतो. फिटची गोळी त्या दिवशी चुकवायची नाही. लघवीला जाऊन या, हे हसण्यावारी नेऊ नका. रिपोर्ट बघताना डॉक्टरांना ती पट्टी ओढून दाखवायला सांगा, दाखवतात, माझ्या अनुभवात तरी कोणी नाही म्हटलं नाही. आणि नुसत्या रंगीत प्रिंटवर समाधान मानू नका, पूर्ण डेटा मागून घ्या, कारण दुसऱ्या सर्जनला दाखवायचं झालं तर त्याच्या नेव्हिगेशनमध्ये प्रिंट घालता येत नाही. मला दिलेल्या सीडीवर रेस्टिंगचा डेटा नव्हताच, भावाला परत पाठवून पेन ड्राइव्हवर घ्यावा लागला. तेवढे तीनशे फोटो सीडीत कशाला घालायचे, कोण बघतंय, असं काउंटरवरचा माणूस त्याला म्हणाला.